आईच्या नावानं साडेतीन लाख

"वहिनी, रेशनकार्डाची खिडकी पलीकडं आहे हो. इथं वाइनचा लिलाव आहे."

भास्करशेठ अमृतकर असं म्हणाले आणि बाकांवरचे सगळे हसले. तहसील कचेरीच्या मागच्या सभागृहात त्या मंगळवारी सावरखेडचे अकरा किराणा दुकानदार बसले होते. बारावी मी.

"लिलावालाच आलेय, भाऊजी," मी म्हणाले.

"अरे बाप रे! म्हणजे आता पोथी आणि बाटली एकाच फळीवर?"

पुन्हा हशा. मीही खाली मान घालून हसले. भास्करशेठांचं आणि ह्यांचं, म्हणजे माझ्या यजमानांचं, वीस वर्षांचं वाकडं. दुकानं समोरासमोर. आमच्या गुळाचा भाव उतरला की तासाभरात त्यांचा उतरायचा, त्यांनी दारात मांडव वाढवला की आमचाही वाढायचा. चार महिन्यांपूर्वी ह्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा अख्खी पेठ भेटून गेली. भास्करशेठ तेवढे आले नाहीत, समोर राहून.

कोपऱ्यातल्या बाकावर शिरोडेंचा अविनाश होता. आमच्यात वयानं सगळ्यात लहान. दोनदा दुकान मोडून तिसऱ्यांदा मांडलेलं, तेही पाड्याच्या रस्त्याला, हातभर जागेत. तो सरकला. "बसा, काकू. माझं नाव नुसतं यादीत आहे. दुसऱ्या फेरीपर्यंत टिकलो तरी पुष्कळ."

एकोणीस वर्षं झाली ह्या लिलावाला. सरकारनं त्या साली ठरवलं होतं की आमच्या भागातल्या द्राक्षांची वाइन किराणा दुकानातून विकायची. एका गावाला एक परवाना, पाच वर्षांसाठी, आणि तो जाहीर लिलावानं. एरवी कुणी एवढी धावपळ केली नसती. पण स्टँडसमोर दोन मजली मॉल उभा राहत होता. परवाना त्यांना मिळाला तर लोक बाटलीसाठी तिकडं जाणार आणि येताना तेल, साखर, साबण तिथूनच आणणार, हे आम्हा बाराही जणांना स्वच्छ दिसत होतं. आणि बारांमध्ये आमचं दुकान सगळ्यात आधी जाणार, हे मला दिसत होतं. हे अंथरुणाला खिळल्यापासून निम्म्या फळ्या मोकळ्या होत्या.

मला हे मनापासून पटलं होतं असं सांगितलं तर ते खोटं होईल. आणि खोटं बोलायचं नाही हा माझा नेम आहे, लग्नाआधीपासूनचा. पोथीचा एक अध्याय झाल्याशिवाय तोंडात पाणी घालत नाही, मंगळवारी धान्य खात नाही, हे नेम सोपे. खोटं न बोलण्याचा नेम किराणा दुकानात पाळणं म्हणजे काय, ते दुकानदारालाच कळेल. गिऱ्हाइकानं विचारावं, "डाळ नवी आहे का?" आणि मी म्हणावं, "नाही हो, गेल्या सालची आहे." हे कपाळाला हात लावायचे.

लिलावाच्या आदल्या संध्याकाळी मी ह्यांना म्हणाले होते, "तुम्हाला माझे नेम माहीत आहेत. मी बाटल्या विकायच्या?"

ह्यांना एकेक शब्द ओढून आणावा लागायचा. छताकडं बघत म्हणाले, "समईत... तेल... कुठून घालशील?"

मग ह्यांनी डाव्या हाताची तीन बोटं दाखवली आणि चौथं अर्धं मुडपून धरलं. साडेतीन लाख. शेतीचा एक तुकडा मोडून, पतपेढीतलं काढून, तिथपर्यंत. त्याच्या पुढं नाही.

अबकारी खात्याचे मेंढेसाहेब आले. ते वऱ्हाडातले, बदलून येऊन महिना झाला होता. शेजारी लिहायला आमच्याच गावचे सोनवणे कारकून. साहेबांनी अटी वाचल्या. परवाना दुसऱ्याच्या नावावर होणार नाही, भागीदारी चालणार नाही, बोली मागे घेता येणार नाही. तेवढ्यात दार उघडलं आणि मॉलचे साबळे आले. पांढरा शर्ट, हातात फाइल. मागून रोहिदास. हा रोहिदास आमच्या गल्लीतला. मॉलचा व्यवस्थापक म्हणून त्याला नुकतंच घेतलं होतं. मला बघून त्यानं मान खाली घातली.

"दीड लाखापासून सुरुवात," साहेब म्हणाले. "बोला."

दोन लाखांपर्यंत नुसती गडबड. अविनाश दुसऱ्या नव्हे, पहिल्याच फेरीत गळाला. "संपलो," असं म्हणून त्यानं पाण्याची बाटली उघडली, स्वतः प्यायच्या आधी मला दिली. अडीचला सात जण राहिले. पावणेतीनला तीनच. भास्करशेठ, साबळे आणि मी.

मी बोलत होते, पण साहेबांना ऐकू जात नव्हतं. "बाई, मोठ्यानं बोला," असं त्यांनी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सोनवणेही म्हणाले, "वहिनी, देवळात नाही बसलोत आपण. जरा खणखणीत."

"तीन लाख," भास्करशेठ.

"तीन दहा," साबळे. ते बोलायचे आणि फाइल चाळायला लागायचे, जसं काही दुसरंच काम करताहेत.

"तीन वीस," मी.

"तीन तीस." भास्करशेठांचा आवाज चिरकला. त्यांच्या कपाळावर घाम होता. त्या क्षणी मला कळलं की ह्या माणसाचीही शेवटची पायरी जवळ आली आहे. दोन मुलं, दोन सुना, सगळं त्या एका गल्ल्यावर.

"तीन चाळीस," साबळे म्हणाले.

आता माझ्याकडं एकच आकडा उरला होता. तो बोलले की संपलं. साबळे पुढचा आकडा टाकणार, सोनवणे लिहिणार, आणि मी घरी जाऊन खाटेजवळ बसणार. मी उभी राहिले. का उभी राहिले कुणास ठाऊक. लिलाव असा मी आयुष्यात एकच पाहिला होता, जाखमातेच्या पायऱ्यांवरचा. तिथं बोलणारा उभा राहतो.

"साडेतीन लाख," मी म्हणाले, माझ्या जन्मातल्या सगळ्यात मोठ्या आवाजात. आणि त्याच दमात तोंडातून गेलं, "आईच्या नावानं."

जाखमाता ही आमची गावदेवी. माघी पौर्णिमेच्या यात्रेत हंगामातला द्राक्षांचा पहिला घड तिच्या पायाशी ठेवतात आणि मग पायऱ्यांवर त्याचा लिलाव होतो. बोली कितीही चढलेली असू दे, कुणी 'आईच्या नावानं' म्हणून आकडा बोलला की पुढं कुणी बोलत नाही. शंभर एकरांचा बागायतदारसुद्धा तोंड मिटतो. हे शब्द माणूस जन्मात एकदाच उच्चारतो. पुष्कळजण उच्चारतच नाहीत, जपून ठेवतात आणि तसेच जातात. माझ्या सासऱ्यांनी नेले तसे.

भास्करशेठांचा हात वर निघालेला होता. तो कानापाशी थांबला.

एवढ्या माणसांची अशी शांतता मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. पंखा कुरकुरत होता. कचेरीच्या आवारात कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती लागत नव्हती. अकरा दुकानदार बसल्या जागी थिजले होते. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. एकदोघांनी डोक्यावरच्या टोप्या काढून मांडीवर ठेवल्या, गाभाऱ्यात शिरताना काढतात तशा. सरकारी भिंत, सरकारी खुर्च्या, वाइनचा परवाना, आणि ही माणसं पायऱ्यांवर उभी असल्यासारखी गप्प.

"काय झालं?" मेंढेसाहेब म्हणाले. "बोला की. साडेतीन लाख, पुढं कोण?"

कुणी नाही.

"सोनवणे, ह्या बाई आकड्यानंतर काय म्हणाल्या?"

सोनवण्यांनी वहीतून मान वर केली नाही. "काही नाही, साहेब. देवीचं नाव."

साबळ्यांनी फाइल मिटली. "तीन..." त्यांनी सुरुवात केली, तसा रोहिदासनं त्यांचा कोपर धरला. तो अगदी हळू बोलला, पण त्या शांततेत सगळं ऐकू येत होतं.

"साहेब, आता बोलायचं नसतं."

"म्हणजे? यात्रा आहे का ही?"

"नसतं बोलायचं, साहेब."

"आणि मी बोललो तर?"

रोहिदासनं हात काढून घेतला. नव्या नोकरीला जेमतेम पंधरा दिवस झाले होते त्याच्या. "तर बोला. मला मात्र उद्यापासून गावात तोंड दाखवता येणार नाही. तुमच्याकडंही येता येणार नाही."

साबळ्यांनी हॉलभर नजर फिरवली. कुणी डोळे वटारले नव्हते, कुणी उठलं नव्हतं. सगळे नुसते वाट बघत होते. साबळ्यांनी फाइल काखेत मारली आणि मला, हो मलाच, हात जोडले. "घ्या, बाई," म्हणाले आणि निघून गेले.

साहेबांनी तीनदा पुकारा केला. सोनवण्यांनी लिहिलं: सौ. इंदुमती प्रभाकर नेरकर.

घरी येईपर्यंत माझी पावलं जमिनीला लागत नव्हती. ह्यांच्या उशाशी बसून सगळं सांगितलं. आकडा सांगितला तेव्हा ह्यांचा अर्धा चेहरा हसला. शब्द सांगितले तेव्हा ते हसू जिथल्या तिथं राहिलं.

"काय... म्हणालीस? परत सांग."

मी परत सांगितलं.

ह्यांनी डोळे मिटले. "इंदू... आईच्या नावानं घेतलेला घड... घरी नेतात?"

नेत नाहीत. तो पायऱ्यांवरच मोकळा करतात, एकेक मणी गावाच्या हातावर ठेवतात. घेणाराच्या वाट्यालाही एकच मणी. आईच्या नावानं घेतलेली वस्तू घेणाराची नसते, सगळ्यांची असते. रोज देवापुढं बसणारी मी, आणि भीतीपोटी मला त्या रिवाजाचा निम्मा भाग आठवला होता. फायद्याचा निम्मा.

"भागीदारी तर चालत नाही," मी म्हणाले.

"नफा... वाटता येतो." ह्यांनी डावा हात उचलला, बोटं पसरली, मिटली, पुन्हा पसरली, मग दोनच दाखवली. "बारा वाटे."

"मग आपलं दुकान?"

बारा वाट्यांतल्या एकावर दुकान तगणार नव्हतं. जमिनीचा तुकडा तर गेलाच होता.

दिवेलागणीला मी समई लावली आणि ओट्यावर चपलांचा आवाज झाला. बघते तर अकराच्या अकरा. पुढं भास्करशेठ. चार महिन्यांत पहिल्यांदा आमच्या ओट्यावर. मी सतरंजी टाकली. ते आत आले नाहीत, दारातूनच ह्यांच्याकडं बघत म्हणाले, "काय रे, परभा, दुपारी झोपा काढतोस म्हणे. मजा आहे."

ह्यांनी डावा हात हलवला.

सगळे ओट्यावर बसले. ते कशाला आले आहेत हे मला ठाऊक होतं. हक्काचंच मागायला आले होते. त्यांनी तोंड उघडायच्या आत आपण बोलावं म्हणून मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले.

"भाऊजी, मी विसरणार नाही. बोललेय ते बोललेय. परवाना माझ्या नावावर असला तरी सगळ्यांचा आहे. वाटे कसे करायचे तेवढं तुम्ही मोठ्यांनी ठरवा."

"कसले वाटे?" भास्करशेठ म्हणाले.

"मी शब्द बोलले ना."

"कुठला शब्द?"

मला वाटलं, माझ्या तोंडून पुन्हा वदवून घेताहेत. "आईच्या नावानं. शेवटच्या बोलीला."

"असं?" ते शेजारी वळले. "काय हो, नाना, तुम्ही ऐकलंत?"

नाना येवले पेठेतले सगळ्यात वृद्ध. दुपारी सगळ्यांच्या आधी टोपी काढली होती ती त्यांनीच. "आकडा ऐकला," ते म्हणाले. "साडेतीन. तेवढाच."

"बापू, तू?"

"डोक्यावर तो पंखा. काय कप्पाळ ऐकू येतंय."

"माझा हा कान पोळ्यापासून बंदच आहे," तिसरा म्हणाला.

"आणि दुसरा रे?"

"दुसरा साबळ्याकडं होता."

हसले सगळे. मला हसू येईना. "भाऊजी, साहेबांनी मोठ्यानं बोला म्हणून सांगितलं होतं. मी ओरडले होते."

"वहिनी, तुमचं ओरडणं म्हणजे आमच्या घरातली कुजबुज. येऊन ऐका एकदा, माझ्या सुना बोलतात तेव्हा."

"मग गप्प का बसलात? तुमचा हात वर होता. मी पाहिला."

भास्करशेठांनी तो हात उलटसुलट करून बघितला. "टोपी नीट करत होतो."

"आणि बोलला का नाहीत?"

"घसा बसला सकाळपासून." त्यांनी खाकरून दाखवलं. "साथ आहे. सगळ्यांचाच बसलाय."

नाना येवले खोकले. मग बापू खोकले. मग ओळीनं सगळे खोकायला लागले, लग्नात आहेर करतात तसे आपापल्या पाळीनं. अविनाश तेवढा खोकला नाही.

तो पायरीच्या टोकाला बसला होता. दुपारी माझ्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल असा बसला होता तो. त्यानं बाटलीतलं पाणी गिळलेलंसुद्धा मला ऐकू आलं होतं, मग त्याला माझा शब्द ऐकू आला नाही हे कसं म्हणणार? आणि त्याला त्या एका वाट्याची जेवढी गरज होती तेवढी तिथं कुणाला नव्हती. पोरगी दोन महिन्यांची, दुकानात अर्धं पोतं तांदूळ. एकानं जरी 'ऐकलं' म्हटलं तरी रिवाज लागू होता. सगळ्यांना ते माहीत होतं. कुणी त्याच्याकडं बघत नव्हतं.

"काकू," तो म्हणाला आणि थांबला.

"बोल, बाबा. खरं तेच बोल. मला राग येणार नाही."

त्यानं नखानं पायरीवरचा चुना खरवडला. मान खाली घालून म्हणाला, "मी आज कचेरीत आलोच नव्हतो."

नानांनी मान वर करून त्याच्याकडं पाहिलं.

"दुकानातच होतो दिवसभर," तो म्हणाला. "पोरीला बरं नव्हतं."

"हो, हो," भास्करशेठ पटकन म्हणाले. "हा नव्हताच आज. मी म्हटलंसुद्धा, शिरोडे कुठं दिसत नाही ते."

"नव्हताच," नाना म्हणाले.

मी पदर तोंडाला लावला. कसंबसं म्हणाले, "पण आईनं तर ऐकलंय, भाऊजी."

भास्करशेठ उठले, धोतर झटकलं. "तिचं तुम्ही तिच्याशी बोला. ती तुमच्या रोजच्या ओळखीची. आम्हा दुकानदारांना मध्ये घेऊ नका." आणि दारातून आत डोकावून मोठ्यानं म्हणाले, "परभा, लवकर बरा हो. तू नाहीस तर गूळ कुणासाठी स्वस्त करू?"

चहासाठी कुणी थांबलं नाही. चपला घालून एकेक जण अंधारू लागलेल्या पेठेत आपापल्या दुकानाकडं गेला. अविनाश सगळ्यांत शेवटी. गेला तो वळून न बघता.

आईशी मी काय बोलले आणि तेव्हापासून काय करते, ते सांगायचं नाही. सांगितला की नेम मोडतो. दुकान आहे, हे मात्र सांगते.

त्या संध्याकाळी मी कितीतरी वेळ चौकट धरून उभी होते. मागून ह्यांचा आवाज आला.

"इंदू... पाया पड."

"कुणाच्या?" मी म्हणाले. "गेले सगळे."

ह्यांनी डाव्या हातानं बाहेर बोट दाखवलं.

मी बाहेर आले. ओटा रिकामा होता, सतरंजीवर बसलेल्यांच्या चुण्या तशाच होत्या. मी गुडघे टेकले आणि तिथं डोकं ठेवलं.